गो चं वेन्ट कसं होतं: इंग्लिश पास्ट टेन्सची गोंधळात टाकणारी रूपं डोक्यात कशी बसवायची

इंदूरला रामबागेत आमच्या घरी संध्याकाळी सात-आठ जण इंग्लिशसाठी येतात, त्यातले काही अकरावी-बारावीचे, दोघं-तिघं भंवरकुआंला बँकेच्या परीक्षेची कोचिंग करणारे, आणि एक काकू आहेत ज्यांची सून दक्षिणेकडची आहे आणि तिच्याशी फोनवर इंग्लिशमधेच बोलावं लागतं. सगळ्यांच्या घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळा बहुतेकांची हिंदी मीडियम. आणि गंमत म्हणजे वय काही असो, सगळे अडकतात एकाच जागी, भूतकाळात.

आमच्या वेळी शाळेत एक तक्ता असायचा, फर्स्ट फॉर्म सेकंड फॉर्म थर्ड फॉर्म, गो वेन्ट गॉन, कम केम कम, ईट एट ईटन, तो वीस वीस वेळा लिहायला लावायचे. आजही तेच चालू आहे. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला तो अख्खा तक्ता ए पासून झेड पर्यंत पाठ होता, विचारलं की धडाधड म्हणायची, पण पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "आय डिडन्ट वेन्ट टु कॉलेज टुडे." म्हणजे तक्ता पाठ असणं वेगळं आणि बोलता येणं वेगळं. म्हणून मी शिकवताना तक्ता सगळ्यात शेवटी काढते, सुरुवात मराठीतून करते, आणि तुम्हीही तशीच करा असं माझं म्हणणं आहे.

आपल्या मराठीकडे जरा बघा. बसणे-बसला, पळणे-पळाला, लिहिणे-लिहिलं, इथपर्यंत ठीक. पण करणे-केला, येणे-आला, जाणे-गेला, मरणे-मेला, खाणे-खाल्ला, होणे-झाला, मागणे-मागितलं, धुणे-धुतलं, हे कुठल्या नियमात बसतं? घरातलं तीन वर्षांचं पोर म्हणतं "मी करलं", आपण हसून म्हणतो "केलं म्हणायचं बाळा", आणि दहा-बारा वेळा ऐकलं की त्याचं बरोबर होतं. त्याला कोणी तक्ता देत नाही. जाणे आणि गेला तर मुळात दोन वेगळ्या धातूंची रूपं आहेत, जाणे हे संस्कृतातल्या 'या' नावाच्या धातूवरनं आणि गेला हे गम् वरनं, गत वरनं आलंय. हिंदीतही तसंच, जाना आणि गया. आणि इंग्लिशमधे? गो चा वेन्ट हा खरं तर वेन्ड नावाच्या एका वेगळ्याच जुन्या क्रियापदाचा भूतकाळ होता, तो गो ला येऊन चिकटला. म्हणजे आपल्या घरातल्या तिन्ही भाषांमधे जाण्याच्या क्रियापदाची हीच कथा आहे. हे सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावरची भीती निम्मी कमी होते.

आणि असं का होतं तेही समजून घ्या, कारण त्यातच अभ्यासाची युक्ती आहे. जी क्रियापदं रोज शंभर वेळा तोंडात येतात त्यांची जुनी वेडीवाकडी रूपं टिकून राहतात, कारण प्रत्येक पिढी ती लहानपणीच ऐकते. जी कमी वापरात असतात त्यांची जुनी रूपं लोक विसरतात आणि नियमाचं रूप लावून मोकळे होतात. इंग्लिशमधे हेल्प चं भूतकाळी रूप पूर्वी होल्प असं होतं, आता हेल्प्ड. नवीन आलेल्या प्रत्येक क्रियापदाला तर सरळ ईडी लागतं, गूगल्ड, टेक्स्टेड, डाउनलोडेड, तिथे डोकं चालवायचीच गरज नाही. नियम मोडणारी क्रियापदं साधारण दोनशेच्या आसपास आहेत, त्यातली रोजच्या बोलण्यात लागणारी साठ-सत्तर धरा. बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, टेक, सी, कम, ही सगळ्यात जास्त वापरली जाणारी क्रियापदं आणि सगळीच्या सगळी अनियमित. म्हणजे काय, तर जी अवघड आहेत तीच तुम्हाला रोज भेटणार आहेत, आणि रोज भेटणारा माणूस लक्षात राहतोच.

आता मुख्य गोष्ट, जी मी पहिले आठ दिवस दुसरं काहीच न शिकवता फक्त हीच शिकवते. चूक बहुतेक वेळा रूपात नसते, रूप कुठे वापरायचं त्यात असते. मराठीत आपण म्हणतो "मी गेलो नाही", म्हणजे नकार आला तरी गेलो हे गेलोच राहतं. हिंदीतही "मैं नहीं गया". मग डोक्यात तेच उतरतं आणि तोंडातून निघतं डिडन्ट वेन्ट. इंग्लिशमधे भूतकाळाचा शिक्का एका क्रियेला एकदाच मारायचा असतो. डिड आला की शिक्का त्याने घेतला, आता पुढचं क्रियापद कोरं राहणार. आय वेन्ट, पण आय डिडन्ट गो. शी केम, पण डिड शी कम? ही हॅड अ बाइक, पण डिड ही हॅव अ बाइक? शेवटचं वाक्य जरा नीट बघा, तिथे भलेभले डिड ही हॅड म्हणतात.

टु च्या मागे-पुढेही हेच. आय वॉन्टेड टु वेन्ट नाही, आय वॉन्टेड टु गो. वॉन्टेड वर शिक्का बसला, बास. कुड, वुड, शुड यांच्यापुढेही कोरंच रूप, आय कुड सी, आय कुड सॉ असं कधीही नाही. दोन अपवाद तेवढे लिहून ठेवा. एक, वॉज आणि वेअर डिड ला जवळ येऊ देत नाहीत, म्हणून डिड यू वॉज नाही तर सरळ वेअर यू, आणि आय वॉजन्ट. दुसरा, प्रश्नातलं हू जर स्वतःच काम करणारा असेल तर डिड लागत नाही, "कोण आलं?" म्हणजे हू केम?

दुसरी मोठी चूक होतो-होते ची, आणि ही तर चांगलं इंग्लिश बोलणाऱ्यांचीही होते. आपण म्हणतो, "काल मी सराफ्यात गेलो होतो." लगेच भाषांतर, आय हॅड गॉन टु सराफा येस्टरडे. चुकलं. साधं म्हणायचं, आय वेन्ट टु सराफा येस्टरडे. मराठीतला हा होतो फक्त सांगतो की गोष्ट झाली आणि संपली, आणि इंग्लिशमधे तेवढ्यासाठी सेकंड फॉर्म पुरतो. हॅड तेव्हाच काढायचा जेव्हा मागे घडलेल्या दोन गोष्टी आहेत आणि त्यातली एक दुसरीच्याही आधी झाली हे दाखवायचंय. "मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती", व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट. इथे हॅड पाहिजेच.

माझ्या भाच्याचा एका कंपनीत इंटरव्ह्यू होता, मी त्याला घरी बसवून तयारी करून घेतली, तर पहिलं वाक्य आय हॅड कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन इन २०२२. दुसरं, आय हॅड जॉइन्ड अ कोर्स. तिसरं, आय हॅड लर्न्ट एक्सेल. मी त्याला म्हटलं प्रत्येक हॅड काढून टाक आणि परत वाच. वाचलं, आणि त्यालाच हलकं वाटलं. तुम्हीही हा प्रयोग करा, स्वतःचं लिहिलेलं काढा, प्रत्येक हॅड वर पेन्सिलने गोल करा, आणि विचारा की ही गोष्ट कशाच्या आधी झाली? उत्तर नसेल तर हॅड काढा. हॅव चंही एक सांगते, हॅव आणि येस्टरडे एकत्र येत नाहीत. आय हॅव सीन हिम हे ठीक, आय सॉ हिम येस्टरडे हेही ठीक, पण आय हॅव सीन हिम येस्टरडे नाही. वेळ नक्की सांगितली की हॅव गेला.

आणि थर्ड फॉर्म एकटा फिरत नाही. आय सीन, आय डन असं नाही म्हणायचं, त्याला हॅव, हॅड किंवा वॉज असं कोणीतरी सोबत लागतं. आय डिड इट, आय हॅव डन इट.

हे बसलं की मग रूपांकडे यायचं, पण एबीसीडीच्या क्रमाने अजिबात नाही, कानाने. सारखी वाजणारी एका घरात ठेवायची.

सगळ्यात सोपं घर ते, जिथे काही बदलतच नाही. कट, पुट, हिट, शट, लेट, सेट, हर्ट, कॉस्ट, बर्स्ट, स्प्रेड. बघा, सगळ्यांच्या शेवटी ट किंवा ड आहे. मग वाक्यात भूतकाळ ओळखायचा कसा? ही किंवा शी असेल तर एस बघा. ही पुट्स द की हिअर म्हणजे रोज ठेवतो, ही पुट द की हिअर म्हणजे ठेवली. एस नाही म्हणजे भूतकाळ. रीड याच घरातला पण जरा फसवा, स्पेलिंग तेच, वाचताना भूतकाळात रेड, रंगातल्या रेड सारखं. लिहिताना काही करू नका, बोलताना मात्र आय रीड इट येस्टरडे म्हणू नका.

मग इ-ॲ-अ चं घर. सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, स्विम-स्वॅम-स्वम, बिगिन-बिगॅन-बिगन. हे गाण्यासारखं म्हणा, खरंच लक्षात राहतं. मी लता मंगेशकरांचंच उदाहरण देते कारण त्या जन्मल्या आमच्या इंदूरला, १९२९ साली, लता मंगेशकर वॉज बॉर्न इन इंदूर, अँड शी सँग इन मेनी लँग्वेजेस. बॉर्न वरनं आठवलं, आय बॉर्न इन नाही, आय वॉज बॉर्न इन, वॉज विसरायचा नाही, आणि आय ॲम बॉर्न तर नाहीच. याच घराच्या शेजारी दुसरं घर आहे जिथे मधला ॲ गळून गेलाय, स्टिक-स्टक-स्टक, डिग-डग-डग, स्पिन-स्पन-स्पन, स्विंग-स्वंग-स्वंग. आणि ब्रिंग दिसायला सिंगचा भाऊ वाटतो पण तो या दोन्ही घरांतला नाही, ब्रँग असं काही नसतं.

ब्रिंग चा ब्रॉट. हे तिसरं घर, आणि इथे गोंधळ फार. बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट, फाइट-फॉट, सीक-सॉट, कॅच-कॉट, टीच-टॉट. बॉट की ब्रॉट? सोपं आहे, बाय मधे र नाही म्हणून बॉट मधेही र नाही, ब्रिंग मधे र आहे म्हणून ब्रॉट मधे आहे. खजुरी बाजारातून वही विकत घेतली, आय बॉट अ नोटबुक, आणि घरी आणली, आय ब्रॉट इट होम. स्पेलिंगचा प्रश्न येतो की ओयू लिहायचं का एयू, तर मूळ शब्दात ए दिसतोय का बघा. कॅच मधे ए आहे, टीच मधे ए आहे, त्या दोघांनाच एयू, बाकी सगळे ओयू. ही खूण मला स्वतःला फार उशिरा दिसली, कोणी सांगितलीच नव्हती.

बाकी स्पीक-स्पोक-स्पोकन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, स्टील-स्टोल-स्टोलन हे एक, राइट-रोट-रिटन, ड्राइव्ह-ड्रोव्ह-ड्रिव्हन हे एक, आणि नो-न्यू-नोन, ग्रो-ग्रू-ग्रोन, थ्रो-थ्रू-थ्रोन हे एक. यांचा फार त्रास होत नाही, ऐकून ऐकून बसतात.

खरा त्रास जुळ्यांचा. आणि इथे परत मराठीच मदतीला येते, हे मला फार आवडतं. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे, जळणे-जाळणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या आहेत. एक आपलं आपण होतं, दुसरं कोणीतरी करतं. झाड पडलं आणि झाड पाडलं. इंग्लिशमधे अशा मोजक्याच जोड्या उरल्यात, पण त्याच आपल्याला छळतात. फॉल म्हणजे पडणे, त्याचा भूतकाळ फेल. आणि फेल हे स्वतःच एक वेगळं क्रियापदही आहे, पाडणे, झाड तोडून पाडणे, त्याचा भूतकाळ फेल्ड. द ट्री फेल, झाड पडलं. दे फेल्ड द ट्री, झाड पाडलं. तसंच राइझ म्हणजे आपोआप वर येणे, रोझ, रिझन, सूर्य उगवला तर द सन रोझ. रेझ म्हणजे वर करणे, रेझ्ड, हात वर केला, शी रेझ्ड हर हँड.

आणि तिसरी जोडी, जिच्यात इंग्लिश मातृभाषा असलेलेही चुकतात, लाय आणि ले. लाय म्हणजे आडवं होणे, पडून राहणे. ले म्हणजे ठेवणे, अंथरणे. आता घोळ असा की लाय चा भूतकाळच ले आहे. लाय-ले-लेन. आणि ठेवण्याचा ले, तो ले-लेड-लेड. दुपारी मी जरा आडवी झाले, आय ले डाउन. मी सतरंजी अंथरली, आय लेड द मॅट. काय अंथरलं, काय ठेवलं, असं विचारून उत्तर मिळत असेल तर लेड. उत्तर मिळत नसेल तर ले. आणि लाय चा तिसरा अर्थ खोटं बोलणे, तो बिचारा सरळ, लाय-लाइड-लाइड. या तीन जोड्यांतल्या करणाऱ्याचा भूतकाळ नियमाने चालतो हेही बघून ठेवा, फेल्ड, रेझ्ड, लेड. वाकडं रूप आपोआप होणाऱ्याचं असतं.

याशिवाय काही शब्द असे की एकाचा भूतकाळ म्हणजे दुसऱ्याचं मूळ रूप. फाइंड चा फाउंड, सापडलं. आणि फाउंड म्हणजे स्थापन करणे, त्याचा फाउंडेड. किल्ली सापडली, आय फाउंड द की. वाचनालय सुरू केलं, दे फाउंडेड अ लायब्ररी. तसंच वूंड, म्हणजे जखमी करणे, त्याचं वूंडेड, आणि वाइंड म्हणजे गुंडाळणे किंवा किल्ली देणे, त्याचं वाउंड. वूंड आणि वाउंड चं स्पेलिंग एकच, उच्चार वेगळा. हँग ची दोन रूपं आहेत, भिंतीवर फोटो टांगला तर हंग, माणसाला फाशी दिली तर हँग्ड. तात्या टोपे वॉज हँग्ड ॲट शिवपुरी इन १८५९, इथे हंग लिहिलेलं मी चांगल्या चांगल्या वह्यांमधे बघितलंय आणि मला ते फार खटकतं, म्हणून मुद्दाम हे वाक्य पाठ करून घेते.

लीड चा भूतकाळ लेड, स्पेलिंग फक्त एल-ई-डी. लोक त्यात ए घालतात कारण शिसं या अर्थाचा लेड हा शब्द ए घालून लिहितात आणि रीड-रेड ची सवय असते. सी. के. नायडू लेड इंडिया इन इट्स फर्स्ट टेस्ट इन १९३२, आपल्या होळकर संघाचे नायडू, हे एक वाक्य लिहून काढलं की स्पेलिंग परत चुकत नाही. फ्लाय, फ्लो, फ्ली यातही मुलं घसरतात. पक्षी उडाला, फ्लू. पाणी वाहिलं, फ्लोड. चोर पळाला, फ्लेड. पाण्याला फ्लू किंवा फ्लोन लावायचं नाही.

आता ईडी चा उच्चार, कारण रूप बरोबर आणि उच्चार वॉकेड, लाइकेड असा केला तर समोरच्याला कळायला वेळ लागतो. वर्णमाला आठवा, क ख, च छ, ट ठ, त थ, प फ, आणि श स. म्हणजे प्रत्येक वर्गातली पहिली दोन, ज्यांना आपण अघोष म्हणतो. मूळ क्रियापद या आवाजाने संपत असेल तर ईडी चा उच्चार ट, वॉक्ट, वॉच्ट, हेल्प्ट, वॉश्ट, लाफ्ट. फक्त ट आणि ड ने संपणारी सोडून. बाकी आवाजांनंतर ड, प्लेड, कॉल्ड, ओपन्ड. आणि ट किंवा ड ने संपत असेल तरच पूर्ण इड, वॉन्टिड, नीडिड, व्हिजिटिड. लिहिताना सगळीकडे ईडीच. ज्याला वर्णमाला येते त्याला हा नियम पाच मिनिटांत येतो.

लर्न्ट का लर्न्ड, बर्न्ट का बर्न्ड, यावर भांडू नका, दोन्ही बरोबर आहेत, ट वालं ब्रिटिश लोकांत जास्त, ईडी वालं अमेरिकेत. गॉटन ऐकलं तर ते अमेरिकन, आपल्या परीक्षेत गॉट लिहा. एकाच पानावर दोन्ही पद्धती मिसळू नका एवढंच.

रोज करायचं काम एकच. रात्री झोपायच्या आधी दिवसभरात केलेल्या पाच गोष्टी लिहा, खऱ्या, पुस्तकातल्या नाही. आणि प्रत्येकीची तीन वाक्यं करा, एक होकाराचं, एक नकाराचं, एक प्रश्नाचं, आणि मोठ्याने म्हणा. आय एट पोहा. आय डिडन्ट ईट जिलेबी. डिड यू ईट? म्हणजे रूपही बसतं आणि शिक्का एकदाच मारायची सवयही लागते. अडलं तर खिशातल्या डिक्शनरीच्या शेवटी तक्ता असतो तो उघडा, तिथे तो कामाचा आहे, शोधायला. नवीन क्रियापदं आठवड्याला एका घरातलीच घ्या, बॉट-ब्रॉट च्या आठवड्यात सँग-संग ला हात लावू नका. आणि जुळी तर एकाच दिवशी दोन्ही कधीच शिकू नका, आधी लाय पूर्ण बसू दे, चार-पाच दिवसांनी ले घ्या, नाहीतर जन्मभर एकमेकांत अडकतात.

त्या काकू हे तीन महिन्यांपासून करताहेत, दिवसाला पाच गोष्टी, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितात. परवा क्लासमधे बसलेल्या असतानाच सुनेचा फोन आला, आणि आम्ही सगळे गप्प बसून ऐकत होतो. "आय मेड पुरणपोळी येस्टरडे," काकू म्हणाल्या, मग जरा थांबल्या, बोटाने हवेत एकदा शिक्का मारल्यासारखं केलं, आणि विचारलं, "व्हॉट डिड यू मेक?"